कच्चा बिंदू

६ ऑक्टोबर २०२२
धनश्रीला ॲडमिशन मिळाली. आमच्या संपतची थोरली. डोळ्याची डॉक्टर व्हणार. चार वर्षांचा कोर्स, पुण्याजवळ कॉलेज, ऱ्हायला होस्टेल. आमच्या भावकीत आजवर कुणी कसलंच डॉक्टर झालं न्हाई, एक कंपाउंडर झाला व्हता, त्यो बी पळून गेला.
ही डायरी तिला तिकडं कुठल्याशा औषधाच्या कंपनीनं फुकट दिली. तिनं मला दिली. म्हणाली, आज्जे, तुझी चौथी वाया जाऊ देऊ नगं, लिहीत जा. आजपासून रोज लिहायचं.
सविता, म्हंजी सून, मधीच म्हणाली, आत्या, डॉक्टर न्हाई हां, ऑप्टोमेट्री हाय ती. तोंडात खडे घेतल्यावानी शब्द. मी म्हणलं, तेच ते.

७ ऑक्टोबर
शेंगा फोडायच्या व्हत्या.

२३ ऑक्टोबर
आळीत पेढे वाटले. गिताबाईनं पेढा तोंडात घालून इचारलं, म्हंजी चष्म्याच्या दुकानात बसणार का पोरगी. पेढा पोटात गेल्यावर असं बोलती, आधी न्हाई. मी म्हणलं, दुकानात बसणार न्हाई, लोकाला टेबलावर निजवणार आन् डोळं कापणार. गिताबाईचा हात पेढ्याच्या बॉक्सावरनं मागं गेला.

१२ फेब्रुवारी २०२३
रोज लिहायचं व्हतं. पण थंडीत बोटं वळत न्हाईत. आता परत सुरू.
आज वरवंडला डोळ्याचं शिबिर व्हतं. गिताबाई एकटी जायला भेती म्हणून मी सोबतीला गेले. मला काय बी झालेलं न्हाई. संध्याकाळचं बल्बाभोवती रंगीत कडं दिसतं, ते तर चांगलंच दिसतं. कधीमधी डोकं ठणकतं, ते सविताच्या टीव्हीनं.
गेले तशी तपासून घेतलं. गिताबाईचा मोतीबिंदू पिकला व्हता, तिला लगेच गाडीत बसवून ऑपरेशनला नेलं. मला वेगळं बसवलं. डॉक्टर तरणा व्हता, घाईत व्हता, मंडपात स्पीकरवर सारखं नावं पुकारत व्हते. म्हणाला, आजी, तुमचा मोतीबिंदू न्हाई, कच्चा बिंदू हाय. ह्ये थेंब कायम टाकायचे, एक दिवस चुकवायचा न्हाई, आन् पुण्याला मोठ्या दवाखान्यात लगेच दाखवायचं. गेलेली नजर परत येत न्हाई.
मी मान हलवली. ज्याची गेली त्याची येत नसंल. माझी कुठं गेलीय.

१३ फेब्रुवारी
रातभर इचार केला. गिताबाईचा पिकलेला, माझा कच्चा. कच्चा हाय तवर हात लावत न्हाईत, हे मला ठावं हाय. कवठे येमाईच्या माझ्या बहिणीचा, बयाबाईचा बी डॉक्टरनं आधी पिकू दिला, मग काढला. आता ती सुईत दोरा ववती.
धनश्रीच्या डिग्रीला चार वर्षं. माझा डोळा पिकायला बी तेवढी लागणार. देवानं कसं बरूबर जुळवून आणलं. तिचं पहिलं ऑपरेशन माझं. परक्याच्या डोळ्यावर हात बसवायच्या आधी घरचा बरा.
तिला आत्ता सांगायचं न्हाई. परीक्षा हाय. संपतला बी न्हाई, त्यो लगेच गाडी काढतो.

२० फेब्रुवारी
थेंब लई झोंबतात. आंब्याला आढी लावत्यात तवा वरनं पाणी कोण मारतं का. मारलं तर फळ सडतं. बंद केले.

२ मार्च
पांढऱ्या शेळीच्या डोळ्याला पाणी येत व्हतं. उरलेले थेंब तिला घातले. दोन दिसात शेळी खडखडीत. म्हंजी औषध जनावराचंच असणार. फुकटच्या शिबिरात असंच देत्यात.

१८ मे
धनश्री सुट्टीला आली. वाळलीय. मी इचारलं, कापायला कवा शिकवणार. ती हसली. म्हणाली, आज्जे, मी ऑपरेशन न्हाई करणार. आम्ही नंबर काढतो, डोळा तपासतो, काय बिघडलंय त्याची पहिली शंका आम्ही घ्यायची, मग डॉक्टरकडं पाठवायचं.
शंका घ्यायची डिग्री असती तर गिताबाईला कवाच मिळाली असती.
पोरगी नम्र हाय म्हणून असं बोलती. पहिल्या वर्षाला कोण सुरी हातात देईल. पुढं देतील.

९ जुलै
चौकटीला कपाळ लागलं. संपतनं गवंडी स्वस्तातला आणला व्हता, चौकट पुढं काढून ठेवलीय. घर बांधून सोळा वर्षं झाली तरी कुणी बोलत न्हाई. मी आज बोलले.

१४ नोव्हेंबर २०२३
पाडवा. धनश्री आता दुसऱ्या वर्षाला. येताना अक्षरांचा तक्ता घेऊन आली. पडवीत खिळ्याला टांगला, दोरीनं अंतर मोजून खुर्ची मांडली आन् सकाळपासून सगळ्या आळीला बसवून वाचायला लावतीय. वर मोठं अक्षर, खाली बारीक बारीक. प्रॅक्टिकलला केस लिहून न्यायच्यात.
लोकांनी अब्रू घालवली. संपत पाचव्या वळीला अडकला. गिताबाईचं तर ऑपरेशन झालेलं, तरी ग ला म म्हणाली. धनश्री सगळं लिहून घेती. पोरीला मार्क पडायचे कसे अशानं.
मी दिवसभर तिथंच लसूण सोलत बसले. चाळीस माणसं तेच तेच वाचत्यात, कानावर पडत ऱ्हातं.

१५ नोव्हेंबर
माझी पाळी आली. वरपासनं खालपर्यंत घडाघडा म्हणून दाखवलं. उजवा झाकून एकदा, डावा झाकून एकदा. शेवटची वळ तर संपतला दिसलीच न्हाई, मी ती बी सोडली न्हाई. प, त र, म ग न, क ल व स, आन् पुढचं सगळं. पहिली आले म्हणायला हरकत न्हाई.
धनश्री म्हणाली, आज्जे, ह्या वयात सहा बाय सहा. कॉलेजात सांगते.
माझी चौथी वाया गेली न्हाई. उजव्यानं तक्ता जरा धुरकट व्हता, पण ते दिवस गुऱ्हाळाचे. सगळ्या शिवारात धूर.

३ डिसेंबर
धनश्रीचा फोन. माझी केस मॅडमला आवडली. दोघी पास.

२१ एप्रिल २०२४
कवठे येमाईला लग्नाला गेले व्हते. बयाबाईचा नातू. मांडवात बसले, जेवले, नवरा-नवरीला आहेर केला. बयाबाई काय दिसली न्हाई. यजमानीण असून फिरकली न्हाई म्हणून मी बी शोधली न्हाई. निघताना तिच्या सुनंला म्हणलं, सासूला सांग, बहीण येऊन गेली.
घरी आल्यावर तिचा फोन. म्हणती, कुशे, तासभर तुझ्या डाव्या अंगाला बसले व्हते. दोन बाऱ्या हाक मारली. नात डॉक्टर व्हाय लागली म्हणून बहीण दिसंना व्हय गं. मी म्हणलं, स्पीकर किती मोठा व्हता. ती म्हणाली, स्पीकर कानाला असतो, डोळ्याला न्हाई. आन् फोन ठेवला.
तिचा पयल्यापासनं असाच जळका सोभाव.

२३ एप्रिल
बयाबाईला फोन करायचा न्हाई असं ठरवलं.

२४ एप्रिल
केला. उचलला न्हाई.

११ जून
हल्ली कप लई अरुंद काढलेत. चहा भाईर जातो. सविताला म्हणलं, जुने पितळंचे पेले काढ. सविता म्हणाली, आत्या, तुम्ही कपाच्या बाजूला वतताय. सून मोठी झाली की असं बोलती.

३० ऑगस्ट
रस्त्यानं जाताना मोटारसायकलनं पदर वढला. पोरगं ओरडलं, मावशे, दिसत न्हाई का. मी म्हणलं, तुला हॉर्न न्हाई का. ते म्हणालं, तीन वेळा वाजवला, समोरनं आलो मी. खोटं बोलत व्हतं. माझ्यासमोर कुणी नव्हतं. एकदम उजव्या अंगानं उगवलं.
ठरवलं, रस्त्याच्या कडंनं चालायचं.

१ सप्टेंबर
कडंला पाण्याची चारी हाय, तिच्यात पडले. गुडघा फुटला. परत मधनं चालायचं.

२ नोव्हेंबर २०२४
धनश्री तिसऱ्या वर्षाला. दिवाळीला आली आन् माझ्या गुडघ्याची खूण बघून इचारलं, आज्जे, हल्ली धडपडती का. सविता तोंड उघडणार तवर मी म्हणलं, चप्पल नवी हाय.
तरी तिनं मला अंगणात बसवलं. समोर बसली, गुडघ्याला गुडघा. म्हणाली, एक डोळा झाक, दुसऱ्यानं माझ्या नाकाकडं बघ. मी बाजूनं बोटं हलवीन, दिसली की दिसली म्हण.
नाक दिसत व्हतं. चांगलं हाय नाक, आमच्या घराण्याचं. बोटं काय दिसंनात. पण दिवाळीच्या बांगड्या घातल्या व्हत्या तिनं. उजवीकडं किणकिणलं की मी म्हणायची, दिसलं. डावीकडं किणकिणलं की, दिसलं. वर, खाली, सगळीकडं दिसलं. एकदा तर हात हलायच्या आधी म्हणाले, तर ती म्हणाली, आज्जे, घाई करू नगं.
पोरीची परीक्षाच की ही, आपण चुकून कसं चालंल. तिनं वहीत लिहिलं, दोन्ही बाजू बऱ्या.
तिच्या तोंडावरचा घोर गेला. मला लई बरं वाटलं. सण गोड झाला.

१७ जानेवारी २०२५
गिताबाई म्हणाली, तुझा बिंदू अजून कच्चाच का गं. मी म्हणलं, पिकत आलाय. उजव्यानं आता फक्त उजेड-अंधार कळतो. म्हंजी झालाच म्हणायचा. पिकल्याशिवाय का असं व्हतं. ती म्हणाली, माझा पिकला तवा पांढरं पांढरं दिसायचं, तुझं काळं कसं. मी म्हणलं, जात येगळी असंल. आंब्यात न्हाई का, हापूस येगळा, पायरी येगळा.
तिला पटलं. तिला मी सांगितलेलं पटतं, ते एक बरं हाय.

५ मे
डावा बी पिकाय लागला. नळकांड्यातनं बघितल्यावानी दिसतं. पण जेवढं दिसतं तेवढं लख्ख. ताटातली मिरची दिसली तर भाकर दिसत न्हाई, भाकर दिसली तर मिरची. एक एक करून जेवायचं, जेवण चांगलं पचतं.
एकदम दोन्ही काढता येतील. धनश्रीचा येळ वाचंल.

२८ ऑगस्ट
धनश्री चौथ्या वर्षाला. आता वर्षभर दवाखान्यातच काम. इंटर्न म्हणत्यात. पांढरा कोट घालून फोटो पाठवला. सविता म्हणाली, किती गोड दिसती. मी बी म्हणलं, किती गोड. फोन हातात फिरवून फिरवून कोटाचं एक बटन सापडलं, मग हसणारं तोंड सापडलं. दोन्ही एकदम न्हाई. तोंडावरच थांबले.

१९ नोव्हेंबर
गोठ्याकडं जाताना पायरी चुकली. मनगट मोडलं, डावं. बरं झालं, लिहायचा हात वाचला. पायरी संपतनं हलवली असणार. त्यो म्हणतो, आये, पायरी शिमेटची हाय, कशी हलवू.
त्यानं धनश्रीला फोन केला. पंधरा मिनटं बोलत व्हता, भाईर जाऊन.

३ डिसेंबर २०२५
उद्या धनश्रीच्या दवाखान्यात. मी कुणाला काय बोलले न्हाई, पण नवीन लुगडं काढून ठेवलंय. ती म्हणती, नुसती तपासणी हाय, आज्जे. मला कळतं. एकदम सांगितलं तर म्हातारी भेईल असं तिला वाटतंय. मी भेणारी न्हाई. तीन वर्षं वाट बघितलीय.

५ डिसेंबर
काल लिहवलं न्हाई. आज लिहिती.
दवाखाना मोठा. धनश्रीनं हाताला धरून नेलं. हातात बांगड्या नव्हत्या, तिकडं चालत न्हाईत म्हणं. पहिल्यांदा तक्ता. मी खुर्चीत बसायच्या आधीच सुरू केलं, प, त र, म ग न. धनश्री म्हणाली, आज्जे, थांब, तक्ता अजून लावलेला न्हाई. तिथल्या मोठ्या मॅडम हसल्या. मी म्हणलं, लावायला कशाला पायजे, मला तोंडपाठ हाय, दोन वर्षांपूर्वी बी पाठच म्हणून दाखवलं व्हतं, एक अक्षर चुकले न्हाई. मॅडमचं हसू थांबलं.
मग एका डबड्यात तोंड घालाय लावलं. अर्धगोल, पांढरं. आत बारीक उजेड चमकतो, दिसला की बटन दाबायचं. यंत्र टिक टिक वाजतं. मी टिकटिकीवर ताल धरला. धनश्रीनं पाठीवर हात ठेवला आन् म्हणाली, आज्जे, माझ्यासाठी दाबू नगं. दिसलं तरच दाब.
मग मी दिसलं तरच दाबलं. बराच येळ बसून ऱ्हायले. बटनाला काय काम नव्हतं.
कागद आला त्यो बहुतेक काळाच व्हता. मॅडमनी धनश्रीला दाखवला. मी इचारलं, पिकला का. मॅडम म्हणाल्या, काय पिकला. मी म्हणलं, कच्चा बिंदू. वरवंडला सांगितलं व्हतं, कच्चा हाय. मी पिकू दिला, आता काढा. हिच्याच हातनं काढा.
मॅडमला कळंना. धनश्रीला कळलं. ती माझ्यापुढं खाली बसली आन् म्हणाली, कच्चा न्हाई, आज्जे. काच. काचबिंदू. त्यो पिकत नसतो. त्यो नुसता नजर खात जातो, कडंनं आत. थेंबानं थांबतो तेवढंच.
मी म्हणलं, मग त्या बाबानं नीट सांगायचं न्हाई का. स्पीकर लावून ठेवला व्हता तिथं.
उजवा गेला. डाव्यात नळकांड्याएवढं हाय ते टिकवायचं, थेंब टाकून. मॅडमनी दोनदा सांगितलं, गेलेलं परत येत न्हाई. मी म्हणलं, हे मी आधी ऐकलंय.

९ डिसेंबर
धनश्री आमच्या बरूबर घरी आली ती गेलीच न्हाई. सकाळ-संध्याकाळ माझ्या डोळ्यात थेंब टाकती. वर बघ म्हणती, खालची पापणी वढती. हात हलका हाय. झोंबतं तरी मी सांगत न्हाई.
सविता तिला म्हणाली, दवाखान्यात हजेरी बुडतीय. ती म्हणाली, मला जायचं न्हाई.

१२ डिसेंबर
तिला म्हणलं, तुझ्यावर कुणी बोट ठेवलं का. तू चांगली तपासलीस, मीच हुशार निघाले. तर म्हणाली, आज्जे, मी तुला दोनदा तपासलं, आन् दोनदा सगळं बरं हाय म्हणून लिहिलं. त्या केसला मला मार्क मिळाले.
मी म्हणलं, मग. मला चांगले मिळाले म्हणून तर तुला मिळाले.
ती उठून गोठ्याकडं गेली. तिचं तोंड बघायला मान वळवली, पण तवर नळकांड्यात पांढरी शेळीच आली.

१५ डिसेंबर
काल दटावलं तिला. म्हणलं, तू गेली न्हाईस तर मी थेंब टाकणार न्हाई. संपतला बी टाकू देणार न्हाई. ती म्हणाली, तू असं करणार न्हाईस. मी म्हणलं, मी काय काय करती ते तुला अजून ठावं न्हाई. ते तिला खरं वाटलं.
आज सकाळच्या गाडीनं गेली. संपतनं स्टेशनवर सोडली. जाताना सविताच्या फोनात गजर लावून दिलाय, थेंबाचा. मी हाक मारली, अभ्यास कर. ती गेटापाशी व्हती का अजून पडवीतच, ते कळलं न्हाई. व्हय म्हणाली, ते जवळनं आलं.

१४ जानेवारी २०२६
संक्रांत. बयाबाई तिळगूळ घेऊन आली. संपतनं तिला सगळं सांगितलं असणार. माझ्या समोर, अगदी समोर बसली, नळकांड्यात. म्हणाली, कुशे, दिसती का गं मी. मी म्हणलं, म्हातारी झालीस. ती रडाय लागली. तिचा सोभाव तसा मऊ हाय.

१८ जानेवारी
थेंब एक बी दिवस चुकवला न्हाई. मला वाटतं फरक हाय. बारीक अक्षर तेवढं अजून धूसर दिसतं, ते सकाळच्या धुक्यानं. मॅडम म्हणत्यात येत न्हाई, पण त्यांचं शिक्षण पुस्तकातलं. उद्यापासनं परत रोज लिहायचं, सकाळच्या उजेडात, खाडा न करता. नजरेला काम दिलं की नजर सुधारती. महिनाभरात धनश्रीला दाखवायचं.

२३ जानेवारी
हे नव्या पेनानं लिहिती.
सविता मघाशी म्हणाली, आत्या, तुमचं पेन सोमवारपासनं संपलंय. नुसतं ओरखडतंय. मी म्हणलं, मग सांगायचं न्हाई का. ती म्हणाली, तुम्ही रमला व्हता.
पानं कोरीच हायेत म्हणं. सोमवारी मी लिहिलं व्हतं की आज अक्षर चांगलं दिसतंय. मंगळवारी बी तेच. बुधवारी लिहिलं की आता वळ सुद्धा सुटत न्हाई, धनश्रीला फोन करून सांगावं.
सविता गवताला गेलीय. हे उमटलंय का, ते ती आल्यावर इचारीन.